आई, ही चित्रं रद्दीत जाणार नाहीत

दुर्ग,
मृग नक्षत्राच्या तोंडावर

प्रिय आई,


काल पुण्याहून फोनवर तू म्हणालीस, "दिवाणातला तो गठ्ठा पावसाआधी रद्दीत देऊन टाक, नाहीतर वाळवी लागेल. एकच देऊळ जन्मभर काढत बसले, कोण बघणार आहे ते?" तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन दोन दिवसांवर आलंय, म्हणून मी फोनवर विषय पुढे नेला नाही. पण उत्तर द्यायचं होतंच, ते इथे देते. दादा तुला वाचून दाखवेल. शिवाय हे पत्र मी छापायलाही देणार आहे. दुर्ग, भिलाई, रायपूर, बिलासपूरच्या मराठी घरांत तुझ्यासारख्या कितीतरी बायकांचे असे गठ्ठे दिवाणात, माळ्यावर, कपाटाच्या तळाशी पडलेले असणार आणि त्यांतले काही दर पावसाळ्याआधी रद्दीत जात असणार. त्या घरांतल्या मुलामुलींनीही हे वाचावं असं मला वाटतं.

तर आई, चित्रं रद्दीत जाणार नाहीत.

आज सकाळी मी दिवाण उघडला, गठ्ठा सोडला आणि चित्रं वर्षांप्रमाणे मांडली. प्रत्येकाच्या मागे तू पेन्सिलीने तारीख, वेळ आणि एखादा शब्द लिहून ठेवतेस, त्यामुळे लावणं सोपं गेलं. 'लू', 'धुकं', 'मेळ्याची गर्दी', 'कागद वाळेना'. आधी हॉल भरला, मग आतली खोली, मग पोर्च. वारं सुटलंय, म्हणून कडेकडेने तांदळाचे डबे आणि तुझे पाटे-वरवंटे ठेवलेत. पाय ठेवायला जागा नाही आणि मला कुठे जायचंही नाही.

सगळ्यात खालची चित्रं देवबलोद्याच्या देवळाची नाहीतच, ती कोल्हापूरच्या रंकाळा तलावाची आहेत. लग्न होऊन तू कोल्हापूरहून भिलाईला आलीस, सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये संसार मांडलास. बाबा रेल मिलमध्ये पाळीवर जायचे आणि तू मागे बसून आठवणीतून रंकाळा काढायचीस. संध्यामठ पावसाळ्यात पाण्यात जातो आणि नुसता माथा वर राहतो, तो माथा. पलीकडे शालिनी पॅलेस. बाकी सगळं पाणी. रेषा बघून कळतं की इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत तुला उगाच चांगली श्रेणी मिळाली नव्हती. पण त्या चित्रांत सकाळ आहे की संध्याकाळ ते कळत नाही. कुठल्याच वस्तूची सावली कुठल्याच बाजूला नीट पडलेली नाही. ज्या जागेवर आपण आत्ता उभे नाही, तिथलं ऊन आठवणीतून काढता येत नसावं.

मग कधीतरी शेजारच्या काकूंनी तुला देवबलोद्याच्या महाशिवरात्रीच्या मेळ्याला नेलं, आणि त्यानंतरच्या कागदांवर रंकाळा दिसत नाही.

इथल्या लोकांना मी हे नेहमी सांगते, आता छापूनही सांगते. भिलाईचं शहर पोलाद कारखान्याबरोबर आलं. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि देशभरातून माणसं आली. येताना प्रत्येकाने आपापला देव आणला. मल्याळी लोकांनी अय्यप्पाचं मंदिर बांधलं, बंगाल्यांनी कालीबाडी, शिखांनी गुरुद्वारा. सेक्टर सहाला एक चक्कर मारली तर मशीद, चर्च, मंदिर सगळं एकापाठोपाठ भेटतं. आपल्या मंडळींनी गणपती बसवला. हे सगळं मला फार आवडतं. माणसाने परमुलखात आपला देव बांधावा यात चूक काही नाही. त्याही आधी, नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४१ मध्ये छत्तीसगडात आल्या, पुढे बिंबाजी भोसल्यांनी रतनपूरला रामटेकडीवर रामाचं देऊळ बांधलं. राज्य करायला आलेल्या माणसाला तसं करावंच लागत असेल. तू मात्र काही आणलं नाहीस आणि काही बांधलं नाहीस. इथे आधीपासून जो देव होता त्याच्या दारात जाऊन बसलीस आणि त्याच्याकडे बघत राहिलीस. मला यात फार मोठी गोष्ट दिसते.

ज्यांनी देवबलोदा पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं लिहिते. रायपूर-दुर्ग रेल्वेमार्गावर, चरोद्याच्या यार्डाला लागून हे गाव. गावातलं महादेवाचं देऊळ कलचुरींच्या काळातलं, तेराव्या शतकातलं, आज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे. दगड तांबूस, वालुकाश्म. दार पूर्वेला, समोर नंदी. आत कोरीव खांबांचा मंडप, आणि मंडपातून पायऱ्या उतरून खाली गाभारा. बाहेरच्या भिंतींवर हत्ती, घोडेस्वार, रानडुकराची शिकार, नाचणाऱ्या बाया, वाजवणारे वादक. शेजारी पायऱ्यांचं कुंड. आणि वर शिखर नाही. जिथे शिखर चढत जायला हवं तिथे देऊळ थांबलेलं आहे.

बाजूच्या यार्डात मालगाड्यांचे डबे जोडले जातात तेव्हाची आदळआपट देवळाच्या आवारात ऐकू येते. तुझ्या एका चित्रामागे लिहिलंय, 'गाडी जोडताना हात हलला, नंदीचं शिंग वाकडं.' ते शिंग तू दुरुस्त केलं नाहीस. बरं केलंस.

देवळावरचं ऊन बघण्याची सवय तुला कोल्हापुरातच लागली असणार. अंबाबाईच्या किरणोत्सवाला तू आजीचं बोट धरून जायचीस हे तू कितीदा सांगितलंयस. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी देवीच्या पायांपर्यंत, मग कमरेपर्यंत, मग मुखापर्यंत. आणि नेमके त्या वेळी ढग आले तर सगळं गाव हळहळतं. ज्या गावात हजारो माणसं उन्हाची एक तिरीप कुठपर्यंत चढली हे बघायला श्वास रोखून उभी राहतात, त्या गावची मुलगी पुढे चित्रकार झाली, तर ती एकाच देवळावर वेगवेगळ्या दिवशी पडणारं ऊन काढत बसणारच. तुला कधी वाटलं का गं, की तू जे करतेस ते तिथूनच आलंय?

देवबलोद्याला मात्र खेळ सकाळचा. दार पूर्वेला असल्यामुळे उजाडताच ऊन मंडपात शिरतं, खांबांच्या सावल्या आत लांब लांब जातात आणि गाभाऱ्याच्या पायऱ्यांवर मोडतात. म्हणून तू पहिली गाडी पकडायचीस. दुपारी ऊन डोक्यावर आलं की भिंतीवरच्या मूर्ती सगळ्यांत उठून दिसतात, कारण प्रत्येक कोरीव रेघेखाली सावली साठते. संध्याकाळी पुढची बाजू काळवंडते आणि देवळाच्या पाठीमागे आकाश पेटतं. हे सगळं मला पुस्तकातून कळलेलं नाही. आज सकाळी पोर्चमध्ये एका ओळीत लावलेल्या तुझ्या चित्रांवरून कळलं.

आणि ऋतू. एप्रिल-मेमधल्या चित्रांत रंगाच्या कडा कडक आहेत. लू वाहत असताना ब्रश उचलेपर्यंत वॉश वाळतो, दुसरा हात फिरवायला वेळच मिळत नाही, म्हणून तू त्या महिन्यांत थोडक्या, मोठ्या फटकाऱ्यांत काम उरकतेस. श्रावणातली चित्रं याच्या उलट. कागद तासन्‌तास ओला, रंग एकमेकांत उतरलेले, तांबडा दगड भिजून जांभळा झालेला, आणि देवळाच्या पायाशी हिरवं शेवाळ. तू काळा रंग कधी वापरत नाहीस. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन मिसळून जो करडा होतो त्यानेच सगळ्या सावल्या. म्हणून तुझ्या सावल्यांत कधी ऊब असते, कधी गारवा. मी मुलांना शिकवते तेव्हा हे सांगते, पण नाव तुझं घेऊन सांगते.

मेळ्याची चित्रं मी वेगळी लावली आहेत. त्यांत देऊळ मागे सरकतं आणि माणसं पुढे येतात. उखऱ्याच्या, म्हणजे गोड लाह्यांच्या टोपल्या, पाळणे, लुगड्यांचे लाल-पिवळे ठिपके. एका कोपऱ्यात एक बकरी आहे. ती ज्याची, त्या मुलाची आठवण तुला आहे ना? तुझ्या मागे उभा राहून त्याने आधी विचारलं होतं, "का बनावत हव दाई?" आणि मग हट्टच धरला, "मोर छेरी ला घलो बना दे न दाई!" त्यानंतर वर्षभर जवळजवळ प्रत्येक चित्रात ती बकरी कुठे ना कुठे आहे. कधी कुंडाच्या पायरीवर, कधी नंदीच्या सावलीत.

गावातले लोक देवळाची जी गोष्ट सांगतात ती तू आम्हाला झोपताना सांगायचीस. हे छमासी देऊळ. सहा महिन्यांची एक रात्र होती आणि त्या रात्रीत ते घडवलं गेलं. घडवणारा कारागीर कामात इतका बुडालेला की अंगावर वस्त्र नाही. त्याची बायको रोज जेवण घेऊन यायची. एक दिवस तिच्याऐवजी बहीण आली. तिला येताना पाहून त्याने वरून थेट कुंडात उडी घेतली. बहिणीनेही जवळच्या तलावात उडी घेतली, आणि तिच्याजवळच्या पाण्याच्या करशावरून त्या तलावाला करसा तलाव म्हणतात. कुंडातून भुयार आरंगपर्यंत जातं असं म्हणतात. देऊळ मात्र तिथेच थांबलं, शिखर राहून गेलं.

लोक ही गोष्ट लाजेची म्हणून सांगतात. मला ती कामाची गोष्ट वाटते. काम करताना माणूस कसा असतो ते दुसऱ्याने बघायचं नसतं इतकं ते उघडं असतं, हे ज्याला ठाऊक होतं त्यानेच ही गोष्ट रचली असणार. आणि त्या बहिणीबद्दल मला नेहमी वाईट वाटतं. ती फक्त भावासाठी जेवण घेऊन आली होती. आपल्या घरात उलटं होतं. चित्र काढणारी तू, आणि सुट्टीच्या दिवशी स्कूटरवरून डबा घेऊन येणारे बाबा. ते दुरूनच हॉर्न वाजवायचे. चित्राकडे न बघता डबा पायरीवर ठेवायचे आणि तू हाक मारेपर्यंत कुंडापाशी जाऊन बसायचे. आज मला त्यांच्या त्या हॉर्नचं मोल कळतंय. हे दादा त्यांनाही वाचून दाखवेल.

आता शिखराबद्दल. तुझी एवढी चित्रं मी आज एकामागून एक पाहिली, त्यांत एकाही देवळाला तू शिखर दिलेलं नाहीस. हे सोपं नव्हतं हे मला माहीत आहे. ओळखीतल्या एकांनी घरात लावायला चित्र मागितलं होतं. पैसे द्यायलाही तयार होते, फक्त एवढंच म्हणाले की वर कळस काढून द्या, अपुरं देऊळ भिंतीवर बरं दिसत नाही. कागदावर कळस काढायला किती वेळ लागतो? चार रेघा आणि वर सोनेरी ठिपका. तू त्यांना बसवून जेवायला घातलंस आणि चित्र दिलं नाहीस. तुझ्यातली ही गोष्ट मला सगळ्यांत जास्त आवडते. आठशे वर्षं ते देऊळ जसं आहे तसं उभं आहे, त्याच्यापुढे तसेच लोक हात जोडतात, त्याच्या पिंडीवर तसंच पाणी घालतात. ते तू पुरं केलं असतंस तर ते देवबलोद्याचं राहिलं नसतं.

इंग्लंडात जॉन कॉन्स्टेबल नावाचा चित्रकार होता. सॉल्झबरीचं कॅथेड्रल त्याने अनेकदा काढलं. तिथले बिशप जॉन फिशर त्याचे जुने आश्रयदाते, त्यांनीच चित्र सांगितलं होतं. १८२३ साली त्याने ते पुरं केलं तेव्हा कॅथेड्रलच्या मागे आभाळात काळा ढग होता. बिशपना ढग पसंत पडला नाही, स्वच्छ आभाळाचं दुसरं चित्र हवं झालं. कॉन्स्टेबलने तेही काढून दिलं. दोन्ही चित्रं आज जगाला माहीत आहेत, आणि माझ्यापुरतं विचारशील तर ढगाचं खरं. मग १८२८ मध्ये त्याची बायको मारिया गेली. १८३१ साली त्याने तेच कॅथेड्रल पुन्हा काढलं, या वेळी दूरच्या कुरणातून, वादळात. मनोऱ्यामागे काळंकुट्ट आभाळ, झाडं झोडपलेली, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत इंद्रधनुष्य. इमारत तीच, बदलला तो माणूस. आणि इमारत तीच असल्यामुळेच तो किती बदलला ते आज आपल्याला दिसतं.

तुझाही असा एक कागद आहे. आजी गेली त्या वर्षातला. त्यात देऊळ अगदी वर, कडेला, बोटभर उंचीचं, आणि उरलेला सगळा कागद कुंडाचं पाणी आहे. कुंड एवढं मोठं नाही, आई. ते पाणी रंकाळ्याचं आहे. त्या चित्रामागे तू फक्त तारीख लिहिलीस.

कोल्हापूरच्या माणसाला आबालाल रहिमान सांगायला नकोत. पण इथल्या वाचकांसाठी लिहिते. घराण्यात कुराणाच्या प्रती हाताने लिहून काढण्याचं काम चालत आलेलं. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, तिथे नाव कमावलं, पुढे शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार झाले. मुंबईत राहिले असते तर मानमरातब मिळाला असता. पण ते कोल्हापुरात राहिले, आणि रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा घाट याच जागांकडे पुन्हा पुन्हा जात राहिले. १९३१ साली ते गेले. त्यांनी काढलेला पंचगंगेचा घाट आणि घाटावरची देवळं आज आपण बघतो तेव्हा कुणाच्या मनात येत नाही की हे कुणाचे देव आणि हा चित्रकार कोण. जो रोज येऊन बघतो त्याची ती जागा होते. नाशिकच्या शिवाजी तुप्यांनी गोदाघाट जलरंगात तसाच जन्मभर काढला. या माणसांना कुणी 'पुन्हा तेच?' विचारलं नसेल असं नाही. त्यांनी ब्रश खाली ठेवला नाही, एवढं आपल्याला दिसतं.

मला जे सांगायचं आहे ते आता सांगते, आणि ते तुझ्या डोळ्यांबद्दल आहे.

चित्रं क्रमाने लावली तेव्हा एक गोष्ट दिसली जी सुटं एकेक चित्र बघताना कधीच दिसली नसती. गेल्या काही वर्षांत तुझं देवबलोदा पिवळं होत गेलंय. आधीच्या चित्रांत सकाळची सावली निळसर असते, नंतर ती राखाडी होते, मग तपकिरी. श्रावणातला भिजका जांभळा दगड हळूहळू विटकरी झालाय. आधी मला वाटलं कागद जुना झाला असेल, पण जुने कागद खालच्या ओळीत आहेत आणि ते निळे आहेत. मग मी तुझा रंगांचा डबा उघडला. यलो ऑकरची ट्यूब पिळून पिळून चपटी झालेली, आणि अल्ट्रामरीनची जवळजवळ भरलेली. डोळ्यातलं भिंग मोतीबिंदूत पिवळं पडत जातं आणि निळा रंग आत पोचू देत नाही, हे डॉक्टरांनी आपल्याला समजावलं होतं. तेच हे. तुला कळायच्या आधी, आम्हाला कळायच्या आधी, डॉक्टरांना कळायच्या आधी ते तुझ्या चित्रांना कळलं होतं.

तू जर दर वेळी नवा विषय घेतला असतास, आज देऊळ, उद्या बाजार, परवा नदी, तर पिवळा रंग विषयाचा आहे की डोळ्याचा हे कुणाला सांगता आलं असतं? तू देऊळ तेच ठेवलंस म्हणून बाकी सगळं दिसतं. ऊन दिसतं, पाऊस दिसतो. यार्डातले उंच दिवे एका वर्षी नाहीत आणि पुढच्या वर्षी आहेत हे दिसतं, मागे मोबाइलचा मनोरा उगवलेला दिसतो, कुंपण आलेलं दिसतं. आजीचं जाणं दिसतं. बकरी दिसते. तुझं वय दिसतं. हे सगळं त्या गठ्ठ्यात आहे, आणि गठ्ठा फोडून चार 'चांगली' चित्रं निवडली तर यातलं काहीच उरणार नाही. म्हणून म्हणते, तो गठ्ठा आख्खा राहायला हवा.

मोने या फ्रेंच चित्रकाराचं नाव तू घेतेस. रूआँच्या कॅथेड्रलसमोर भाड्याच्या खोलीत बसून त्याने १८९२ आणि १८९३ मध्ये तो एकच दर्शनी भाग वेगवेगळ्या उन्हात काढला. १८९५ साली त्यांतली २० चित्रं पॅरिसमध्ये एकत्र मांडली गेली. एकत्र, हे महत्त्वाचं. तो देवभोळा नव्हता, त्याला ऊन हवं होतं, आणि तुला देऊळही हवं असतं. एवढा फरक सोडला तर तुमचं काम एकच. पण मला त्याची नंतरची गोष्ट तुला सांगायची आहे. त्यालाही मोतीबिंदू झाला. त्याचीही चित्रं तांबडी-पिवळी होत गेली. १९२३ मध्ये त्याच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, आणि त्या काळी ती आजच्यासारखी सोपी नव्हती. नंतर रंग कधी फार निळे तर कधी फार पिवळे दिसतात म्हणून तो चिडला, चष्मे बदलत राहिला. पण १९२६ साली जाईपर्यंत आपल्या बागेतल्या कमळांच्या त्या भिंतभर चित्रांवर काम करत राहिला. तळं तेच. तुझं तर आधुनिक काळातलं ऑपरेशन आहे, आत नवं भिंग बसणार आहे. पट्टी निघाली की काही दिवस तुला सगळं निळसर वाटेल, डॉक्टरांनी सांगितलंय. घाबरू नकोस. तो निळा जगात आधीपासून होता.

आता माझा बेत ऐक. सिव्हिक सेंटरच्या नेहरू आर्ट गॅलरीत हिवाळ्यातली तारीख मिळते का बघायला मी उद्या जाते आहे. पुणे-मुंबई नंतर. ही चित्रं आधी भिलाईच्या लोकांनी बघायला हवीत. रेल्वेतून रोज त्या देवळावरून जाणारे, मेळ्याला जाऊन उखरा घेऊन येणारे, आणि देवळाकडे एकदाही न बघितलेलेही. चित्रं तारखेप्रमाणे लागतील. त्यांच्या खाली नावं नकोत, तू मागे जे लिहिलंस तेच: 'लू', 'धुकं', 'नंदीचं शिंग वाकडं'. सुरुवातीला रंकाळ्याचे तीन-चार कागद लावू. शेवटची पिवळी चित्रंही लागतील, त्यातलं एकही मी गाळू देणार नाही. आणि भिंतीच्या शेवटी एक जागा मोकळी ठेवणार आहे. तिथे तू ऑपरेशननंतर काढलेलं चित्र येईल. तीच जागा, नंदीच्या डाव्या हाताची, तीच सकाळची वेळ. म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिली की लगेच ये. भाद्रपदापर्यंत आलीस तर दगड अजून ओला असेल.

बकरीवाल्या मुलाचा पत्ता लागलाय. तो आता यार्डात कामाला आहे, त्याला स्वतःची मुलं आहेत. ते एक चित्र मी त्याला द्यायचं म्हणते. तू हो म्हण.

कोल्हापूरच्या मामाला मी रंकाळ्याच्या चित्रांचे फोटो पाठवले. तो म्हणाला, संध्यामठ बरोबर आहे, पण पॅलेस तू फार जवळ आणलास. तुझ्याशी याबद्दल त्याला भांडायचं आहे, फोन करेल.

डोळ्याला पाणी लागू देऊ नकोस. थेंब वेळेवर घाल, दादाला घड्याळ लावायला सांग. बाबांना रोज थोडं चालायला पाठव, पुण्यात बसून राहतील. इथे घरात सगळं ठीक आहे. दिवाण रिकामा करून त्यात कडुनिंबाचा पाला पसरलाय, तळाला वाळवीचं औषध मारून घेतलंय, आणि चित्रं परत ठेवताना मध्ये बटर पेपर घालणार आहे. रायपूरहून नवे कागद मागवायचे आहेत. नेहमीचे कार्ट्रिज मागवू की या वेळी जरा जाड हँडमेड? पावसात बसणार असशील तर जाडच बरे पडतील. दादाकरवी कळव.

तुझी,
थोरली